स्पोकन इंग्लिश ऑनलाइन शिकवताना: सोपं काय करायचं आणि अचूकपणा कुठे सोडायचा नाही

ऑनलाइन स्पोकन इंग्लिश शिकवणाऱ्यांत सरळ दोन तट पडलेत. एका तटाचं म्हणणं, व्याकरण विसरा, बिनधास्त बोला, चुका होऊ द्या. दुसरा तट पहिल्याच आठवड्यात बारा काळांचा तक्ता स्क्रीनवर लावतो. पहिल्यांचे विद्यार्थी तीन महिन्यांत फाडफाड बोलायला लागतात, पण गोष्ट कालची की आजची, पैसे दिले की द्यायचेत, याचा ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. दुसऱ्यांचे विद्यार्थी रिकाम्या जागा अचूक भरतात आणि इंग्रजीत फोन आला की तो शेजारच्याच्या हातात देतात.

माझं मत आधीच सांगून टाकते. सोपं करायचं ते विद्यार्थ्याचं काम, इंग्रजी नव्हे. त्याने कशाबद्दल बोलायचं, किती बोलायचं, किती वेळात बोलायचं, हे हवं तेवढं सोपं करा. तुमच्या तोंडून जाणारं वाक्य मात्र चार शब्दांचं असलं तरी पूर्ण आणि बरोबर हवं. त्याची कोणती चूक धरायची, हे ऐकणाऱ्याची दिशाभूल होते का यावर ठरवा. ती चूक व्याकरणाच्या पुस्तकात कितव्या धड्यात आहे, याला महत्त्व नाही.

पुढचं सगळं मराठी माध्यमातून शिकलेल्या, मोबाइलवरून क्लासला बसणाऱ्या मोठ्या माणसांना धरून लिहिलं आहे. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीपासून असायचं. म्हणजे तुमच्या बॅचमधल्या पस्तिशीपुढच्या बहुतेकांनी एबीसीडी पाचवीत गिरवली आहे आणि पुढे दहावीपर्यंत इंग्रजी म्हणजे भाषांतर एवढंच केलं आहे. ही मंडळी कोरी पाटी नसतात. त्यांच्या डोक्यात तो तक्ता आधीच आहे, आणि निम्मी अडचण तिथूनच येते. ती कशी, ते पुढे येईलच.

बॅच सुरू होण्याआधी: हा माणूस इंग्रजी बोलणार कुणाशी?

प्रत्येकाशी दहा मिनिटं फोनवर बोला, मराठीतच. एकच प्रश्न नीट विचारा: "शेवटचं इंग्रजी कधी लागलं, आणि काय बोलायचं राहून गेलं?" "कॉन्फिडन्स वाढवायचाय" हे उत्तर ऐकून घ्या, पण तिथे थांबू नका. खोदून विचारलं की खरं कारण निघतं. मुलीच्या शाळेत पॅरेंट्स मीटिंगला टीचर इंग्रजीतच बोलतात. चाकणच्या कंपनीत ऑडिटला आलेल्या माणसाला लाइन दाखवायची असते. मुलगा ऑस्ट्रेलियात आहे, सुनेशी बोलता येत नाही. कुणाला परदेशी जाण्यासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायची असते.

हे एवढ्यासाठी की अचूकपणाची पट्टी प्रत्येकाची वेगळी निघते. "माय सन इज हॅविंग फीव्हर" हे वाक्य चेन्नईच्या मॅनेजरला सांगितलं तर त्याच्या लक्षातही येणार नाही. अर्धा भारत असंच बोलतो. तेच वाक्य आयईएलटीएसच्या परीक्षकासमोर चूक म्हणून मोजलं जाईल. उलट "ही इज आउट ऑफ स्टेशन" या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही, पण मेलबर्नच्या सुनेला वाटेल, सासरे रेल्वे स्टेशनाबाहेर उभे आहेत. नुसतं व्याकरण तपासणाऱ्या शिक्षकाच्या नजरेतून हे वाक्य सुटतं. त्यामुळे प्रत्येकाच्या नावापुढे वहीत एक ओळ लिहून ठेवा: कुणाशी, कशाबद्दल, फोनवर की समोरासमोर.

दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग आणि तीन रकाने

पहिल्या तासाआधी सगळ्यांकडून व्हॉट्सॲपवर दोन मिनिटांची व्हॉइस नोट मागवा. विषय साधा: काल काय झालं. लिहून वाचायचं नाही, एवढी एकच अट. मग ती जशीच्या तशी, चुकांसकट, कागदावर उतरवा. काम कंटाळवाणं आहे, पण पुढच्या महिन्याचा अभ्यासक्रम त्यातूनच मिळतो.

समजा, एका सुपरवायझरची नोट अशी आली:

"येस्टरडे आय हॅड गॉन टू डॉक्टर. माय सन इज हॅविंग फीव्हर. डॉक्टर सेड मी दॅट गिव्ह मेडिसिन थ्री टाइम. ही नॉट इटिंग एनिथिंग. सो आय डोन्ट केम टू ड्यूटी."

लाल पेन घेतलं तर पाच वाक्यांत आठ-नऊ खुणा होतील. तसं करू नका. तीन रकाने आखा.

पहिल्या रकान्यात ऐकणाऱ्याची गल्लत करणाऱ्या चुका. इथे ती गल्लत काळाची आहे. मुलाला ताप काल होता की आजही आहे? सुपरवायझर स्वतः काल आला नाही की रोजच येत नाही? रजा मांडणाऱ्या माणसाला हेच कळायला हवं आणि नेमकं तेच कळत नाही. "आय डोन्ट केम" ही या नोटमधली सगळ्यात महागडी चूक.

दुसऱ्या रकान्यात अर्थ कळतो, पण सवय लागली तर पुढे सुटायची नाही अशा चुका: "आय हॅड गॉन" आणि "सेड मी".

तिसऱ्या रकान्यात बाकीचं सगळं. "टू डॉक्टर"मधला गाळलेला "द", "थ्री टाइम"मधला गेलेला "स", "नॉट इटिंग"च्या आधीचा "इज", आणि ते "हॅविंग फीव्हर". यांच्याकडे सध्या दुर्लक्ष करायचं. हो, अगदी जाणूनबुजून. विद्यार्थ्याने विचारलं तर बरोबर काय ते सांगा आणि पुढे चला.

पहिल्या रकान्यातली एक आणि दुसऱ्यातली एक, एवढाच त्या माणसाचा महिन्याचा धडा. बारा जणांच्या बॅचमध्ये बारा याद्या होतील अशी भीती वाटते, पण तसं होत नाही. सगळ्यांची मातृभाषा एकच, त्यामुळे चुकाही बऱ्याचशा त्याच निघतात.

तुमचं स्वतःचं बोलणं: छोटं करा, मोडकं नको

सोपं करण्याच्या नादात काही शिक्षक स्वतःच "यू टेल, येस्टरडे व्हॉट हॅपन?" असं बोलायला लागतात. विद्यार्थी तुमची नक्कल करणार. त्याच्या कानावर दुसरं इंग्रजी फारसं पडतच नसतं. "व्हॉट हॅपन्ड येस्टरडे?" हे तीनच शब्द आहेत आणि पूर्ण बरोबर आहेत. एका वाक्यात एक क्रियापद, आधी माणूस मग काम, जोडवाक्यं कमी, आणि वाक्य संपल्यावर खरंखुरं थांबणं. एवढ्याने बहुतेक काम होतं. वेग कमी करताना शब्द रबरासारखे ताणू नका. दोन वाक्यांमधली जागा वाढवा.

शब्द निवडतानाही एक फसगत होते. छोटा शब्द म्हणजे सोपा शब्द असं आपण धरून चालतो. ब्रिटनच्या सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये ८५० शब्दांचं "बेसिक इंग्लिश" मांडलं, ते याच कल्पनेवर उभं होतं: क्रियापदं जेमतेम अठरा, आणि गेट, पुट, टेक यांना पुढे अप, ऑफ, आउट जोडून बाकीचे अर्थ काढायचे. शब्दसंख्या घटली, पण त्या जोड्या पाठ करायचं ओझं वाढलं. "पुट"ही माहीत, "ऑफ"ही माहीत, तरी "पुट ऑफ" म्हणजे पुढे ढकलणं हे कसं कळावं?

आपल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर गणित पुरतं उलटं आहे. "पोस्टपोन", "कॅन्सल", "ॲडजस्ट", "डिस्चार्ज", "ॲडमिट", "पेंडिंग", "कम्प्लेंट" हे शब्द तो रोजच्या मराठीत वापरतो. इंग्रजी पाठ्यपुस्तकाला "कॉल ऑफ" सोपा वाटतो, नगरच्या माणसाला "कॅन्सल" सोपा. म्हणून पहिल्या आठवड्यात एक खेळ घ्या: घरात, बसमध्ये, दवाखान्यात, बँकेत मराठी बोलताना आपण कोणते इंग्रजी शब्द वापरतो त्याची यादी प्रत्येकाने करायची. यादी शे-दीडशेपर्यंत सहज जाते आणि माणूस चक्रावतो, कारण "मला इंग्रजी येत नाही" हे त्याने पक्कं धरलेलं असतं. शब्द आहेत, वाक्याचा सांगाडा नाही, हे त्याला स्वतःलाच दिसतं. सांगाड्यालाच व्याकरण म्हणतात हे त्या दिवशी सांगायची गरज नाही.

उच्चाराबद्दल एवढंच: उदाहरणं देवनागरीत लिहिली तर सुरुवातीला मदत होते, "बॅट" आणि "बेट" वेगळे दाखवता येतात. पण कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा ते देवनागरीत दिसत नाही. म्हणून लिहून दिलेलं प्रत्येक वाक्य बोलूनही पाठवा.

व्याकरण शिकवायचंच, पण कोणतं, कधी आणि कशातून

आता त्या तक्त्याकडे येऊ. शाळेच्या तक्त्यात "आय हॅड गॉन"समोर "मी गेलो होतो" असं लिहिलेलं असतं. आणि मराठी माणूस कालची कोणतीही गोष्ट सांगताना "गेलो होतो" असंच म्हणतो: "काल डॉक्टरकडे गेलो होतो." जाऊन आलो, एवढाच त्याचा अर्थ. तो प्रामाणिकपणे तक्ता आठवतो, मराठीसमोरची इंग्रजी उचलतो आणि "आय हॅड गॉन" म्हणतो. म्हणजे ही चूक व्याकरण न शिकल्यामुळे होत नाही, शिकल्यामुळे होते! इलाजही एका वाक्याचा आहे: काल, परवा, गेल्या वर्षी असं काही म्हटलं की "गेलो"ही वेन्ट आणि "गेलो होतो"ही वेन्ट. "हॅड गॉन" पहिले तीन महिने बंद. पूर्ण खरं सांगायचं तर "हॅड गॉन"चाही उपयोग असतो, दोन जुन्या गोष्टींपैकी आधीची दाखवायला. पण नवशिक्याला तो लागतच नाही.

"आय डोन्ट केम" काय किंवा "आय डिडन्ट केम" काय, मूळ मराठीतच सापडतं. "आलो"चं नकारार्थी "आलो नाही". आपल्याकडे क्रियापद आपला भूतकाळ सोडत नाही, "नाही" फक्त मागे येऊन बसतं. इंग्रजीत भूतकाळ "डिड"कडे जातो आणि क्रियापद पुन्हा मूळ रूपात येतं. हे मराठीतून सांगायला मिनिटही लागत नाही. इंग्रजीतूनच सांगायचं असा हट्ट धरलात तर वीस मिनिटं जातील आणि शेवटी तीन जण मान डोलावतील, न कळताच. नियम मराठीत, सराव इंग्रजीत; या बाबतीत मी तरी कोणाचं ऐकत नाही.

पहिल्या दीड-दोन महिन्यांत माझ्या मते एवढंच पुरे: घडून गेलेली गोष्ट आणि तिचा नकार, प्रश्नाची रचना, "कॅन", "हॅव टू" आणि "वॉन्ट टू". प्रश्नाची रचना यात का, तर मराठीत "तू कुठे चाललास?" विचारताना वाक्य हलवावं लागत नाही, म्हणून "व्हेअर यू आर गोइंग?" येतं. समोरासमोर चालून जाईल, पण फोनवर आवाज तुटत असेल तर हा प्रश्न आहे हेच कळत नाही. "सेड मी"सारखी जोडीही याच काळात हाताळा: मराठीत दोन्हीला "सांगितलं" चालतं, इंग्रजीत माणूस आला की "टोल्ड". "ही टोल्ड मी", झालं.

आणि "ही गो"? पहिल्या धड्यात "ही गोज, शी गोज" घोकून घेतलेलं असतं आणि दोन वर्षांनीही माणूस "माय हजबंड वर्क इन बँक" म्हणतो. यात त्याचा आळस नाही. इंग्रजी शिकणाऱ्यांवरच्या अभ्यासांत १९७० च्या दशकापासून हे वारंवार दिसलं आहे की "इंग" लवकर अंगवळणी पडतं आणि हा "स" फार उशिरा, मातृभाषा कोणतीही असो. तो लवकर शिकवला म्हणून लवकर येत नाही. अर्थही त्यावाचून अडत नाही, कारण "ही" आधीच म्हणून झालेलं असतं. तुम्ही स्वतः नेहमी "वर्क्स" म्हणा, त्याच्या "वर्क"वर अडून बसू नका.

"अ" आणि "द" यांचे नियम तर शिकवूच नका, निदान सहा महिने. मराठीत असं काही नाहीच, त्यामुळे नियम कुठे टांगावा ते कळत नाही. त्याऐवजी तयार तुकडे द्या: "टू द डॉक्टर", "इन द मॉर्निंग", "टू वर्क", "बाय बस", "अ लॉट ऑफ". तुकडा तोंडात बसला की "द" आपसूक बसतो.

"च"बद्दल एक गंमत. "मी तिथेच होतो"चं "आय वॉज देअर ओन्ली" होतं. देशात खुशाल राहू द्या. परदेशी फोनवर बोलणाऱ्याला मात्र सांगा की समोरचा याचा अर्थ "फक्त तिथे" असा लावेल.

चाळीस मिनिटांचा तास

झूमच्या फुकट खात्यावर सध्या चाळीस मिनिटांनी मीटिंग बंद पडते. गूगल मीटवर तिघांपासून पुढे साठ मिनिटं मिळतात. मला चाळीसची मर्यादा अडचणीपेक्षा सोयीची वाटते, कारण मोबाइलच्या पडद्याकडे त्याहून जास्त वेळ कुणी लक्ष देत नाही. शिवाय झूमवर फुकटातही ब्रेकआउट रूम, म्हणजे एकाच मीटिंगमधल्या वेगळ्या छोट्या खोल्या, मिळतात आणि जोड्या पाडता येतात.

या चाळीस मिनिटांत तुमचं बोलणं दहाच्या वर जाऊ देऊ नका. बाकीचा वेळ कामाला. काम म्हणजे स्वाध्याय नव्हे. ज्याचं उत्तर बोलल्याशिवाय मिळणारच नाही असं काहीतरी. याचा भारतातला पक्का दाखला म्हणजे भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांचा बंगळूर प्रकल्प. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या, प्रादेशिक माध्यमाच्या मुलांचाही समावेश असलेल्या वर्गांत व्याकरणाचा अभ्यासक्रम बाजूला ठेवून नकाशे, वेळापत्रकं, हिशेब यांवरची कामं इंग्रजीतून करून घेतली गेली. लक्ष अर्थावर, भाषा जाता जाता. टास्क घेऊन शिकवण्याचा जो बोलबाला पुढे जगभर झाला, त्याची एक मोठी मुळी इथली आहे.

ऑनलाइनसाठी ही कल्पना सोन्यासारखी आहे, कारण दोघांच्या मोबाइलवर वेगवेगळी माहिती पाठवता येते. एकाला पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक पाठवा. दुसऱ्याला चिठ्ठी: परळला अकरा वाजता पोचायचं आहे, सोबत आई आहे, तिला फार लवकर उठवायचं नाही. कोणती गाडी? डेक्कन क्वीन ७:१५ ला सुटते आणि सीएसएमटीला १०:२५ ला लागते, पण दादरला उतरलेलं बरं का, तिथून टॅक्सी की लोकल, यावर दोघं भांडायला हवेत. "व्हेन डज इट रीच दादर?" हा प्रश्न इथे पाच वेळा विचारावा लागतो, आणि "डज" न शिकवता तोंडात येतो. आला नाही तर आजच्या दुरुस्तीला माल मिळाला.

त्यानंतर तेच काम पुन्हा, जोड्या बदलून, कमी वेळात. एकच गोष्ट चार मिनिटांत, मग दुसऱ्याला तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन मिनिटांत सांगायची, ही पद्धत १९८० च्या दशकापासून वापरात आहे. नवशिक्यांना मी तीन-दोन-एक मिनिटं देते. काय बोलायचं ते ठरलेलं असल्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत अडखळणं कमी होतं आणि डोक्याला रचनेकडे बघायला उसंत मिळते. दुरुस्तीची योग्य जागा पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या मध्ये. पहिल्या फेरीत तुम्ही ब्रेकआउट रूममध्ये जा, आवाज बंद ठेवा, नुसतं टिपून घ्या.

चूक धरायची कशी

बहुतेक शिक्षक चूक हळूच सुधारून परत म्हणतात. विद्यार्थी म्हणतो "आय डिडन्ट वेन्ट", शिक्षक म्हणतो "ओके, यू डिडन्ट गो", आणि गाडी पुढे जाते. सभ्य पद्धत आहे, पण विद्यार्थ्याला वाटतं तुम्ही मान डोलावलीत. रॉय लिस्टर आणि लैला रांता या भाषाशिक्षणाच्या संशोधकांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच वर्गांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निम्म्याहून अधिक दुरुस्त्या याच प्रकारच्या निघाल्या, आणि विद्यार्थ्याने त्यावरून स्वतःचं वाक्य सुधारण्याचं प्रमाण सगळ्यांत कमी याच प्रकारात होतं. उत्तर त्याच्याकडूनच काढून घेतलं की परिणाम चांगला दिसला. म्हणजे असं:

"आय डिडन्ट वेन्ट टू द बँक."

"आय डिडन्ट…?"

"…वेन्ट… गो. सॉरी मॅडम, आय डिडन्ट गो."

"गुड. सो हाउ डिड यू गेट द मनी?"

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. चूक सुधारली की लगेच विद्यार्थ्याच्या गोष्टीकडे परत जा, नाहीतर बोलणं तिथेच मरतं.

ऑनलाइन यात दोन अडचणी येतात. तुम्ही थांबलात की समोरच्याला वाटतं नेट गेलं, आणि तो "हॅलो, हॅलो मॅडम" सुरू करतो. म्हणून हाताची खूण ठरवून घ्या: अंगठा खांद्यामागे म्हणजे "भूतकाळ बघा", दोन बोटांची अदलाबदल म्हणजे "शब्दांचा क्रम". खूण दिसली की नेट शाबूत आहे हेही कळतं. दुसरं, तो बोलत असताना चॅटमध्ये दुरुस्ती टाकू नका. मोबाइलवर तो मजकूर त्याच्या डोळ्यांसमोर उडी मारून येतो आणि वाक्य अर्ध्यावर तुटतं. वहीत लिहा, फेरी संपल्यावर पाच वाक्यं स्क्रीनवर घ्या, नावं न घालता, त्यांतली दोन बरोबर असलेली. कोणती बरोबर ते सगळ्यांनी शोधायचं.

नावं का नकोत, ते आपल्याकडे सांगायला नको. बॅचमध्ये पन्नाशीचे काका असतात आणि कॉलेजातली मुलगीही. काकांची चूक तिच्यासमोर काढली, तर पुढच्या तासाला काकांचा कॅमेरा बंद आणि त्यापुढच्या तासाला काका गायब. घरातही बायको-मुलं मागे वावरत असतात, हे विसरू नका. अशांना वैयक्तिक व्हॉइस नोट करा: "काका, आज गाडीचं मस्त समजावलंत. फक्त एक, डिडन्ट नंतर गो. तीन वाक्यं बोलून पाठवता का?" एका नोटमध्ये एकच चूक. दोन सांगितल्या की दोन्ही विसरतात. आणि ती यादीतलीच हवी, तिसऱ्या रकान्यातली नको.

जिथे ही सूट चालत नाही

आयईएलटीएसची बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते आणि चार निकषांना सारखं वजन असतं: ओघ, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. म्हणजे व्याकरण पाव भाग. पण त्या पावातही नुसता बिनचूकपणा पुरत नाही, रचनांची विविधताही बघतात. छोटी छोटी बरोबर वाक्यं बोलून वरचा बँड, म्हणजे वरची गुणश्रेणी, मिळत नाही. "बिकॉज", "ऑल्दो", "इफ" यांनी जोडलेली वाक्यं लागतात, भले त्यांत अधूनमधून चूक झाली तरी. या मुलांसाठी तिसरा रकाना उघडावा लागतो, "वर्क्स"चा "स" आणि "द" यांच्यासकट. शक्यतो यांची बॅच वेगळी ठेवा. एकत्र ठेवलीत तर पॅरेंट्स मीटिंगवाल्या ताई उगाच घाबरतात.

दुसरा अवघड प्रकार म्हणजे आधीच फाडफाड बोलणारा. सेल्समध्ये, कॉल सेंटरमध्ये किंवा हॉटेलात पाच-सात वर्षं काढलेली. वेग भरपूर, आणि प्रत्येक वाक्यात तीच मोडतोड. बोलत राहिलं की व्याकरण आपोआप येतं म्हणणाऱ्यांनी कॅनडाकडे बघावं. तिथे इंग्रजीभाषक मुलांना १९६५ पासून शाळेचे विषयच फ्रेंचमधून शिकवण्याचा प्रयोग झाला. कित्येक वर्षांनी मुलांची समज उत्तम होती, बोलणं बिनधास्त होतं, पण क्रियापदांच्या आणि लिंगाच्या चुका तशाच राहिल्या. भाषाशिक्षणाच्या संशोधक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये त्यावर बोट ठेवलं: समजून घेताना माणूस संदर्भावर निभावून नेतो, नेमकं बोलायला भाग पाडलं तरच तो रचनेकडे बघतो.

अशा विद्यार्थ्याला आणखी बोलायला लावून फायदा नाही. त्याचाच एक मिनिटाचा आवाज त्याला द्या आणि शब्दन्‌शब्द लिहून काढायला सांगा. पहिल्यांदा लिहिताना तो नकळत चुका दुरुस्त करतो! मग दोघं मिळून पुन्हा ऐका, लिहिलेलं आणि बोललेलं ताडून बघा. "मी असं बोललो?" हा प्रश्न आला की तुमचं अर्धं काम झालं. पुढचे दोन आठवडे बोलणं कमी, सावकाश, आणि एकाच रचनेवर. तो कंटाळेल, थोडा चिडेलही, कारण त्याला वाटत होतं आपल्याला फक्त "ॲडव्हान्स" शिकायचंय. त्याला आधीच स्पष्ट सांगून ठेवा.

महिनाअखेरीस काय मोजायचं

परत दोन मिनिटांची व्हॉइस नोट, विषय तोच: काल काय झालं. एकूण चुका मोजू नका. माणूस जास्त बोलायला लागला की चुकाही वाढतात आणि आकडा फसवतो. दोनच गोष्टी बघा. दोन मिनिटांत तो किती वाक्यं बोलला, आणि त्या महिन्याच्या दोन ठरलेल्या चुका किती वेळा आल्या. "डिडन्ट केम" चारदा होतं ते एकदा आलं, आणि त्या एकदाही तो अडखळून स्वतःच "कम" म्हणाला, तर त्याला मी पास धरते.

मग जुनी आणि नवी नोट लागोपाठ त्याला ऐकवा, मध्ये काही न बोलता, आणि विचारा: जुन्या नोटमध्ये काय खटकलं? जुनी चूक त्याला स्वतःला ऐकू आली, तर यादीतलं पुढचं घ्या. ऐकूच आली नाही, तर तीच आणखी एक महिना, विषय बदलून.